चरबी कुठे साठते आणि कुठून सुटते: बाईच्या संप्रेरकांचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. तिथे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया विड्या वळतात, काही यंत्रमागाच्या कारखान्यांत कांड्या भरतात, तर काही घरीच शिलाई मशीनवर बसतात. मांडीवर सूप घेऊन दिवसाचा बराचसा वेळ एका जागी बसणे हाच ज्यांच्या मजुरीचा भाग आहे, त्या कंबरदुखी किंवा गुडघेदुखी घेऊन येतात आणि तपासणी संपत आली की वजनाचा विषय निघतो. "मॅडम, दोन भाकऱ्यांच्या वर तिसरी घेत नाही, तरी पोट का सुटतंय?" असे त्या विचारतात, आणि मी तोंड उघडण्याआधीच सोबत आलेली सासू किंवा नवरा उत्तर देऊन मोकळा होतो: "खाते आणि बसते, दुसरं काय!" हे उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय त्याने उपचाराची दिशाही चुकते. खाल्लेले आणि खर्च केलेले यांचा हिशेब खोटा नाही. पण उरलेली ऊर्जा शरीरात कुठे ठेवायची, तिथून ती कधी आणि किती सहज बाहेर काढायची, हे ठरवण्यात बाईच्या लैंगिक संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) वाटा फार मोठा असतो. म्हणूनच वजनाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला आहाराबरोबर तिच्या पाळीविषयी विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही, अशी माझी ठाम धारणा आहे.

शरीरातली सगळी चरबी एकसारखी नसते, हे सर्वप्रथम नीट मांडले ते फ्रान्समधील मार्सेयच्या ज्याँ वाग या डॉक्टरांनी. १९४७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की काही लठ्ठ माणसांची चरबी पोटावर व धडावर साठते, काहींची नितंबांवर व मांड्यांवर, आणि मधुमेह, रक्तवाहिन्यांचे आजार यांचा संबंध प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी असतो. या निरीक्षणाकडे वैद्यकाने दीर्घकाळ पुरेसे लक्ष दिले नाही. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मायकेल जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांवरच एक अभ्यास केला. त्यात वरच्या अंगाची स्थूलता असलेल्या, खालच्या अंगाची स्थूलता असलेल्या आणि स्थूल नसलेल्या स्त्रियांच्या रक्तात चरबीतून मुक्त होणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) किती प्रमाणात येतात, हे मोजले गेले. नितंब-मांड्यांवर चरबी असलेल्या स्थूल स्त्रियांचे आकडे स्थूल नसलेल्या स्त्रियांच्या जवळपास होते. पोटावर चरबी असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र मेदाम्लांचा ओघ जास्त होता, आणि इन्सुलिन दिल्यावरही तो जितका थांबायला हवा तितका थांबत नव्हता. दोघींनाही आपण लठ्ठच म्हणतो, पण एकीच्या चरबीने मेदाम्ले धरून ठेवली आहेत आणि दुसरीची चरबी ती यकृताकडे व स्नायूंकडे सतत सोडते आहे. यकृतात मेद साठणे, रक्तातील ट्रायग्लिसराइड (मेदाचा एक प्रकार) वाढणे, स्नायूंनी इन्सुलिनला दाद न देणे या गोष्टींची वाट तिथून सुरू होते.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण भारतीय शरीर कमी वजनातही पोटात चरबी बाळगते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना अनेकांना ठाऊक असेल: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोक्याची सूचना मानली जाते, मग वजनकाटा काहीही सांगो. माझ्या टेबलावर वजनकाट्याइतकाच मान मोजपट्टीला आहे.

आता प्रत्यक्ष घडते काय ते पाहू. चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराइड साठवले जाते. रक्तातून येणारा मेद पेशीत घेण्यासाठी लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते, आणि साठवलेला मेद फोडून बाहेर काढण्याचे काम पेशीच्या आतली वेगळी लायपेज विकरे करतात. उपाशीपोटी किंवा श्रमाच्या वेळी ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके पेशीला मेद सोडण्याचा आदेश देतात, जेवणानंतर वाढणारे इन्सुलिन तो आदेश मागे घेते. गंमत अशी की ॲड्रिनलिनसाठी चरबीच्या पेशीवर दोन प्रकारचे ग्राही (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणारे रेणू) असतात: बीटा प्रकारचे ग्राही मेद फोडायला लावतात, तर अल्फा-२ प्रकारचे ग्राही त्याला लगाम घालतात. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारे मुख्यतः इस्ट्राडायोल, त्वचेखालच्या चरबीत या अल्फा-२ ग्राहींची संख्या वाढवते. त्यामुळे पाळी सुरू असलेल्या वयातील स्त्रीच्या मांड्यांवरची आणि नितंबांवरची चरबी सहजासहजी सुटत नाही. आपल्या भागात पूर्वी ज्वारी पेवात भरून, तोंड लिंपून ठेवत आणि रोजच्या दळणासाठी घरातल्या कणगीतली ज्वारी काढत. मांडीवरची चरबी ही त्या पेवासारखी आहे आणि पोटातली चरबी कणगीसारखी.

हे पेव कशासाठी राखलेले असते, याचे उत्तर बाळंतपणानंतर मिळते. स्तनपानाच्या काळात मांडीच्या चरबीतील लायपोप्रोटीन लायपेजचे काम मंदावते आणि तिथला मेद फुटण्याचा वेग वाढतो, असे १९८० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. एरवी हट्टाने बसून राहिलेली चरबी दुधासाठी मोकळी होते. बाळंतिणीला डिंकाचे, मेथीचे, हळिवाचे लाडू चारताना तिच्या अंगावर आधीच केवढी शिदोरी बांधलेली आहे, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात घेतले, तर लाडवांची संख्या थोडी आवरता येईल. लाडूंना माझा विरोध नाही. दिवसाला किती, एवढाच प्रश्न आहे.

इस्ट्रोजेन एवढ्यावर थांबत नाही. मध्यम श्रमाच्या व्यायामात स्त्रिया पुरुषांपेक्षा चरबीचा वापर जास्त प्रमाणात करतात, आणि त्यात इस्ट्रोजेनचा हात आहे. भूक आणि ऊर्जेचा खर्च सांभाळणाऱ्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातही त्याचे ग्राही आहेत. उंदरांमध्ये हे अल्फा प्रकारचे इस्ट्रोजेन ग्राही मेंदूच्या ठरावीक भागांतून काढून टाकले, तेव्हा एका भागामुळे खाणे वाढले, तर दुसऱ्यामुळे ऊर्जेचा खर्च घटला, आणि मादी उंदीर लठ्ठ झाल्या. माणसांमध्ये असा प्रयोग अर्थातच करता येत नाही, पण औषधाने काही महिने अंडाशयाचे काम थांबवलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला आहे. त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च दिवसाकाठी सुमारे ५० किलोकॅलरींनी घटला, आणि ज्यांना त्याच वेळी बाहेरून इस्ट्राडायोल दिले त्यांच्यात ही घट झाली नाही. ५० किलोकॅलरी म्हणजे अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी; परंतु वर्षानुवर्षे रोज एवढी शिल्लक पडत राहिली तर तिचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

प्रोजेस्टेरॉनविषयी थोडक्यात सांगते. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ते वाढते, तेव्हा भूक वाढते, गोड खावेसे वाटते आणि शरीराचे तापमानही किंचित चढते. त्या दिवसांत वाढलेले किलोभर वजन बहुतांशी पाण्याचे असते, त्यावरून निराश होऊ नये. वजन नेहमी पाळीच्या त्याच टप्प्यावर मोजावे, असे मी सांगते.

पुरुषी संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही असतात आणि तिथेच स्थूलतेचा सर्वात गुंतागुंतीचा भाग सुरू होतो. टेस्टोस्टेरॉनचा मोठा हिस्सा रक्तात सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन या प्रथिनाला बांधलेला असतो. जो हिस्सा मोकळा असतो तोच पेशींवर काम करतो. हे प्रथिन यकृतात तयार होते. पोटावरची चरबी वाढली, यकृतात मेद साठला, रक्तात इन्सुलिन चढे राहिले की त्याचे उत्पादन घटते. म्हणजे एकूण टेस्टोस्टेरॉन फारसे न वाढताही मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. प्रयोगशाळेचा अहवाल 'नॉर्मल' येतो आणि मुलीच्या हनुवटीवर मात्र राठ केस येत राहतात, पाळी दोन-दोन महिने लांबते, मान काळवंडते. अशा वेळी केवळ एकूण टेस्टोस्टेरॉन पाहून "काही नाही" म्हणणे चूक आहे.

ज्याला आपल्याकडे सर्रास पीसीओडी (पॉलिसिस्टिक ओव्हेरियन डिसीज) म्हणतात, त्या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी केले, आणि आज वापरात असलेले निदानाचे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमच्या बैठकीत ठरले: अनियमित पाळी किंवा बीज न सुटणे, पुरुषी संप्रेरकांची वाढ, आणि सोनोग्राफीत अंडाशयाचे विशिष्ट रूप, या तिन्हींपैकी दोन असावीत, आणि तशीच लक्षणे देणारे इतर आजार आधी वगळलेले असावेत. या स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालील चरबीचे तुकडे तपासले असता तिथे मेद फोडण्याची क्षमता कमी झालेली आढळते. मेद सोडायला लावणारे बीटा-२ ग्राही कमी असतात आणि मेद फोडणारे विकरही कमी असते. टेस्टोस्टेरॉनमुळे असे होते, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या चरबीच्या पेशींवरही दिसले आहे. याउलट पोटाच्या आतील, आतड्यांभोवतीच्या चरबीत मेद फुटण्याचे प्रमाण वाढलेले असते आणि तो थेट यकृताच्या दिशेने जातो. वरून पाहता पोट कमी होत नाही आणि आतून यकृतावर मारा चालू राहतो, अशी ही दुहेरी अडचण आहे.

त्यातही एक पायरी पुढे आहे. चरबीच्या पेशी स्वतःच पुरुषी संप्रेरक तयार करतात. एकेआर-१सी-३ नावाचे विकर चरबीत दुबळ्या अँड्रोजेनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचे, टेस्टोस्टेरॉन बनवते, आणि इन्सुलिन वाढले की हे विकरही वाढते. इन्सुलिन वाढले म्हणून चरबीत टेस्टोस्टेरॉन तयार झाले, त्याने मेद साठवण वाढवली, साठवण वाढली म्हणून इन्सुलिनला प्रतिसाद आणखी घटला आणि अंडाशयाला आणखी अँड्रोजेन बनवण्याचा संदेश गेला. असे हे चक्र आहे. या चक्रात सापडलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला "तोंडावर ताबा ठेव" एवढाच सल्ला देणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंविषयी मला मनापासून वाईट वाटते. चक्र कोणत्याही एका जागी तोडले तरी ते मंदावते, ही त्यातली चांगली बाजू. वजन पाच ते दहा टक्क्यांनी कमी झाले तरी अनेकींची पाळी नियमित होऊ लागते, काही वेळा मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची मदत घ्यावी लागते. एकत्रित गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेन यकृतात टेस्टोस्टेरॉन बांधणारे प्रथिन वाढवते, म्हणून केस आणि पाळी या तक्रारींवर त्या उपयोगी पडतात. त्यांनी पोट उतरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ऐंशी किलोंच्या मुलीसाठी पाच टक्के म्हणजे चार किलो. हे उद्दिष्ट तिला आवाक्यातले वाटते, साठ किलोंवर येण्याचे वाटत नाही.

पाळी जाण्याच्या वयात चित्र पुन्हा बदलते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी छेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधी. अमेरिकेत मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या 'स्वान' या अभ्यासातून २०१९ मध्ये पुढे आलेली माहिती मला फार बोलकी वाटते. वजन हे आधीपासून होते त्याच गतीने वाढत राहिले. परंतु शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षे आधीपासून चरबी वाढण्याचा वेग दुप्पट झाला आणि स्नायू घटू लागले. काट्यावर काहीच नवे दिसत नसताना आतला माल बदलत होता. त्याच अभ्यासातील आणखी एका पाहणीत पोटाच्या आतील चरबीचा संबंध इस्ट्राडायोलपेक्षा मोकळ्या टेस्टोस्टेरॉनशी अधिक घट्ट आढळला. अंडाशयातील इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, टेस्टोस्टेरॉन तितक्या वेगाने उतरत नाही, आणि मांड्यांवर जाणारा मेद आता पोटाकडे वळतो. "कपडे तेच, वजन तेच, पण परकर कंबरेला घट्ट होतो" अशी तक्रार करणाऱ्या बाईने अगदी अचूक निरीक्षण केलेले असते.

इथे एक शंका हमखास येते. चरबीतून इस्ट्रोजेन तयार होते, मग पाळी गेलेल्या लठ्ठ बाईला त्याचा लाभ का होऊ नये? चरबीतील ॲरोमॅटेज हे विकर अँड्रोजेनचे इस्ट्रोजेन करते, हे खरे आहे. पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेनचा मुख्य उगम चरबीच असतो आणि लठ्ठ स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण सडपातळ स्त्रियांपेक्षा जास्त आढळते. पण त्यातला मोठा भाग इस्ट्रोन या दुबळ्या प्रकाराचा असतो, आणि तो पूर्वीसारखा महिन्याच्या चढउताराने येत नाही, प्रोजेस्टेरॉनच्या सोबतीने तर नाहीच. चरबीची वाटणी तो पूर्ववत करू शकत नाही. गर्भाशयाच्या अस्तराला मात्र त्याचे सतत उत्तेजन मिळत राहते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग लठ्ठ स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, त्यामागे हे एक ठळक कारण आहे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी "उष्णता झाली असेल" म्हणून गुळवेलीचा काढा घेत बसू नये, त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर पोट उतरेल का, असे शिकलेल्या स्त्रिया विचारतात. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीचा एक भाग २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसल्यामुळे थांबवला गेला. त्याच चाचणीत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मधुमेहाचे नवे रुग्ण सुमारे एक पंचमांशाने कमी होते. म्हणजे चयापचयावर इस्ट्रोजेनचा परिणाम खरा आहे, पण वजन कमी करण्यासाठी हे औषध नाही. शिवाय तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते; तिथे ती मेदाचे ज्वलन कमी करते आणि ट्रायग्लिसराइड वाढवू शकते, त्वचेवर लावायच्या पट्टीने हे टळते. अंगाची आग, झोप न लागणे असा त्रास तीव्र असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून संप्रेरके द्यावीत. पोटासाठी उपयोगी ठरणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यात स्नायू टिकवणाऱ्या व्यायामाला मी सर्वात वरचे स्थान देते, कारण जाणारे स्नायू हीच या वयातली खरी गळती आहे. विड्या वळणाऱ्या बाईला जिम परवडत नाही; पण दर तासाला सूप खाली ठेवून खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे तिला घरात करता येते. जेवणात भाकरीसोबत शेंगाचटणी आणि पातळ आमटी एवढेच न घेता घट्ट वरण, उसळ, दही यांचा वाटा वाढवावा. शेंगाचटणी सोलापूरकरांचा जीव की प्राण आहे, पण वर कच्चे तेल ओतून तिच्यासोबत अर्धी भाकरी संपवायची सवय मोजून पाहण्यासारखी आहे.

शेवटचा मुद्दा सर्वात कळकळीचा आहे. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात बीड-धाराशिवकडून (पूर्वीचे उस्मानाबाद) येणाऱ्या आणि इथल्याही कष्टकरी स्त्रियांमध्ये पिशवी काढलेल्या बायका ऐन तिशी-पस्तिशीत भेटतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली आणि राज्य शासनाने चौकशी समितीही नेमली. अंगावरून जाते, पोटात दुखते, कामाचे खाडे होतात, पुढे कर्करोग होईल अशी भीती घातली जाते, आणि शस्त्रक्रिया उरकली जाते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढली असतील, तर त्या बाईचे इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला जाते. नैसर्गिकरीत्या काही वर्षांत होणारा बदल तिच्या शरीराला काही दिवसांत सोसावा लागतो: पोटाची चरबी वाढते, हाडे झिजू लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवली असली तरी ती नेहमीपेक्षा थोडी लवकर थकू शकतात. चाळिशीच्या आत अंडाशय गेलेल्या स्त्रीला, दुसरा अडसर नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असा वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला आहे. प्रत्यक्षात ती मिळालेली बाई मला क्वचितच दिसते.

अशी स्त्री माझ्यासमोर पोट सुटल्याची तक्रार घेऊन बसते, तेव्हा मी तिला विचारते, "पिशवी काढली तेव्हा अंडाशयही काढली का?" बहुतेकींना ते माहीत नसते. डिस्चार्ज कार्ड हरवलेले असते, किंवा त्यावर शस्त्रक्रियेच्या नावापुढे काहीच लिहिलेले नसते. मग सोनोग्राफी करून आणि रक्तातील एफएसएच (अंडाशय थकली की वाढणारे संप्रेरक) तपासून उत्तर शोधावे लागते, म्हणजे तिच्या दोन दिवसांच्या मजुरीचा खर्च. म्हणून माझी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व सहकाऱ्यांना विनंती आहे की कार्डावर मराठीत एक ओळ स्पष्ट लिहावी: डावे अंडाशय ठेवले की काढले, उजवे ठेवले की काढले. आणि ज्यांच्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावे. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला मधुमेह, रक्तदाब आणि वजन यांच्या उपचारांसाठी त्याच ओळीची गरज पडणार आहे.